मावशींची बाटली आणि समुद्रातलं औषध

आज आम्ही तुम्हाला समुद्राच्या तळाशी चिकटून राहणाऱ्या काही जिवांचा आणि त्यांच्यामागे वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं लागलेल्या माणसांचा इतिहास सांगणार आहोत. पण तो आमच्याकडे कसा आला, ते आधी सांगायला हवं.

मे महिना संपत आला होता. होड्या वर ओढून झापांनी शाकारायची घाई चालली होती. अशाच एका दुपारी मासे विकणाऱ्या एक मावशी केंद्रात आल्या. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण तसं त्यांनीच बजावलं आहे. गोष्ट सांगायची परवानगीही त्यांनीच दिली आहे. टोपलीतून एक प्लॅस्टिकची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या काय आसा ता माका वाचून सांगा गो."

बाटलीवर निळ्या लाटा आणि शार्कचं चित्र होतं. आत करड्या कॅप्सूल. 'समुद्रातील नैसर्गिक घटक', 'गाठींवर गुणकारी', 'कोणताही दुष्परिणाम नाही' असं छापलेलं. मावशींना स्तनाचा कॅन्सर आहे. गाठ काढून झाली होती, केमोचे दोन डोस झाले होते. तिसऱ्या डोसाला त्या गेल्याच नाहीत. केस गेले, तोंडाची चव गेली, टोपली डोक्यावर घ्यायची ताकद गेली. दवाखान्यात गर्दी इतकी की पुढे काय होणार, कशासाठी होणार, हे कोणी बसून सांगितलं नाही. बाजारात भेटलेल्या माणसाने मात्र अर्धा तास बसून सांगितलं. केमो म्हणजे विष, म्हणाला, आणि हे समुद्राचं देणं. तुमचं सगळं आयुष्य समुद्रावर गेलं, तोच तुम्हाला बरं करील.

आम्ही तिघी तिथे होतो. आमच्यातली एक शाळेत विज्ञान शिकवते, दुसरी आशाताई आहे, तिसरी केंद्राची यंत्रं सांभाळते. आम्ही मावशींना म्हटलं, आम्हाला आठ दिवस द्या. वाचतो, विचारतो आणि सांगतो. पण तोवर बाटली बंद, आणि उद्याच्या उद्या आशाताईबरोबर दवाखान्यात जायचं. आठ दिवसांत आम्ही जे वाचलं आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतलं, तेच आज तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

पहिलीच गोष्ट अशी कळली की आम्हीच चकित झालो. कॅन्सरवरची काही औषधं खरोखरच समुद्रातून आली आहेत. बाजारातल्या त्या माणसाने हवेतून काही काढलं नव्हतं. एका खऱ्या गोष्टीचं टोक त्याने धरलं होतं आणि त्याला खोट्याची दोरी बांधली होती. म्हणून खरं काय ते नीट समजून घेणं जास्तच गरजेचं झालं.

आता समुद्रातल्या जिवांकडे औषध आलं कुठून? तुम्ही किनाऱ्यावरच्या असाल तर याचं अर्धं उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे. शिंगाळ्याचा काटा लागला की हात कसा ठणकतो, पाकटाच्या शेपटीला का जपायचं, केंड जाळ्यात आला तर तो खायचा का नाही, हे आपल्याला आजीने शिकवलं. समुद्रात विष भरपूर आहे. पळता येतं, चावता येतं, त्याचं एक वेळ भागतं. पण खडकाला चिकटून जन्म काढणाऱ्या जिवाने काय करावं? स्पंजाला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. तो पाणी गाळून पोट भरतो आणि जागचा हलत नाही. अशा जिवांचं संरक्षण रसायनांवर चालतं. कोणी खायला आलं, कोणी अंगावर वाढू लागलं, तर त्याला रोखणारी रसायनं त्यांच्या अंगात असतात. दुसऱ्याच्या पेशींची वाढ थांबवणारं हे विष माणसाच्या काही कामाचं आहे का, हा प्रश्न विज्ञानाने विचारला. मात्र तो विचारायच्या आधीच उत्तराचं पहिलं टोक हाती लागलं होतं, आणि तेही भलत्याच कामात.

वर्ष १९४५. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामी शहराजवळ इलियट की नावाचं एक बेट आहे. तिथल्या उथळ पाण्यातून वेर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाने एक स्पंज गोळा केला. बर्गमन येल विद्यापीठात काम करत. कॅन्सरशी त्यांचा काही संबंध नव्हता. समुद्री जिवांच्या अंगात कोलेस्टेरॉलसारखे कोणते पदार्थ असतात, एवढाच त्यांच्या कुतूहलाचा विषय. हा स्पंज शास्त्राला नवीनच होता. पुढे त्याला 'क्रिप्टोटेथिया क्रिप्टा' असं नाव मिळालं. क्रिप्टा म्हणजे लपलेला. प्रयोगशाळेत हा स्पंज ॲसिटोनमध्ये उकळला तेव्हा भांड्यात छान स्फटिक जमले. बर्गमननी ते बाजूला काढून तपासले आणि १९५० व १९५१ साली त्यावर निबंध लिहिले.

त्या स्फटिकांत विशेष काय होतं, ते सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाची एक लांब माळ असते. पेशीने कसं वागायचं ते सगळं त्या माळेत लिहिलेलं. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असेल तर आधी या माळेची नक्कल ओवावी लागते. माळेच्या प्रत्येक मण्यात एक ठरावीक साखर असते. स्पंजातल्या मण्यात मात्र वेगळी साखर निघाली, अराबिनोज नावाची. मणी दिसायला जवळजवळ तसाच, पण आतून निराळा.

इथून गोष्ट दुसऱ्या हातांत गेली. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे वॉल्विक, रॉबर्ट्स आणि डेकर या तिघांनी तीच साखर घेऊन प्रयोगशाळेत एक मणी बनवला. हा नेमका मणी स्पंजात सापडलेला नव्हता, स्पंजाच्या नमुन्यावरून माणसाने घडवलेला होता. त्याचं नाव सायटाराबिन. कॅन्सरची पेशी घाईघाईने वाढते, म्हणजे तिला सारखी माळ ओवावी लागते. घाईत ती हा खोटा मणी उचलते. त्याचं भोक जणू अर्धवटच पाडलेलं असतं. दोरा पुढे जात नाही, माळ तिथेच अडते आणि पेशी मरते. १९६९ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. रक्ताच्या एका जहाल कॅन्सरमध्ये तोवर मोठ्या माणसांच्या हाती काही आठवडे, फार तर काही महिने असत. सत्तरच्या दशकात सायटाराबिन सात दिवस आणि जोडीला दुसरं एक औषध तीन दिवस, अशी पद्धत बसली. सगळेच वाचू लागले असं नाही, पण पुष्कळ रुग्णांच्या रक्तातून रोग मागे हटू लागला. आज पन्नास वर्षांनंतरही त्या उपचाराचा पाया हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सायटाराबिन आहे, आणि आपल्याकडच्या कॅन्सर रुग्णालयांतही ते रोज दिलं जातं.

मैत्रिणींनो, इथे आम्ही जरा थांबलो. स्पंज १९४५ साली पाण्यातून निघाला आणि औषधाला मान्यता मिळाली १९६९ साली. मध्ये चोवीस वर्षं गेली. आणि रुग्णाला स्पंज कोणी खायला घातला नाही.

आता दुसरी गोष्ट. ही स्तनाच्या कॅन्सरची आहे, म्हणून सावकाश सांगतो.

जपानच्या किनाऱ्यावर काळसर रंगाचा एक स्पंज मिळतो, हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई. त्यातून योशिमासा हिराता आणि दाइसुके उएमुरा यांनी एक अत्यंत प्रभावी पदार्थ वेगळा केला आणि १९८६ साली तो जगापुढे मांडला. नाव हॅलिकॉन्ड्रिन. किती स्पंजातून किती पदार्थ निघाला, तर ६०० किलो स्पंजातून साडेबारा मिलिग्रॅम. सहाशे किलो म्हणजे तांदळाची पन्नास किलोची बारा पोती. आणि साडेबारा मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे मोजके खडे.

न्यूझीलंडच्या कायकोरा किनाऱ्याजवळ खोल पाण्यात हाच पदार्थ असलेला आणखी एक स्पंज सापडला. तिथून सरकारच्या परवानगीने एक टन स्पंज काढला गेला. त्यातून मिळालं सुमारे ३०० मिलिग्रॅम. जगभरच्या बायांना औषध द्यायचं म्हटलं तर समुद्राचा तळ खरवडून काढला तरी पुरलं नसतं. आणि तळ खरवडला की तिथली मासळीही गेली, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते मूळचे नागोयाचे आणि हिरातांचेच विद्यार्थी. गुरूने स्पंजातून काढलेला पदार्थ शिष्याने प्रयोगशाळेत मुळापासून बनवायला घेतला. १९९२ साली ते जमलं. त्या पदार्थाची रचना इतकी गुंतागुंतीची की तो पूर्ण बनवणं हाच मोठा पराक्रम मानला गेला. मग असं लक्षात आलं की पूर्ण रेणूची गरजच नाही, त्याचा अर्धा भागही तेच काम करतो. आयसाय या जपानी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या अर्ध्या भागाचे शेकड्याच्या घरात नमुने बनवले, तपासले, टाकून दिले, पुन्हा बनवले. त्यातून जे हाती राहिलं त्याचं नाव एरिब्युलिन. ते बनवायला साठाहून जास्त टप्पे लागतात.

ते काम कसं करतं? रापण ओढताना दोन बाजूंनी दोन दोर असतात आणि दोन्हीकडची माणसं ओढतात, तेव्हा जाळं वर येतं. पेशी एकाच्या दोन होताना तिच्यातही असेच बारीक दोर तयार होतात आणि वारसाचा अर्धा-अर्धा भाग दोन बाजूंना ओढून नेतात. एरिब्युलिन त्या दोरांची वाढ थांबवतं. दोर पुरत नाही, रापण अर्ध्यात अडकते आणि पेशी दोन होऊ शकत नाही.

१९८६ साली मांडलेल्या पदार्थापासून निघालेल्या या औषधाला नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुन्हा चोवीस वर्षं. मान्यता ज्या चाचणीवर मिळाली, तिच्यात ७६२ स्त्रिया होत्या. सगळ्यांचा स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला होता, आधीची केमोची औषधं घेऊन झालेली होती. एका गटाला एरिब्युलिन दिलं, दुसऱ्या गटाला डॉक्टरांनी निवडलेले नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटातल्या स्त्रिया मध्यमान धरता साडेदहा महिन्यांच्या आसपास जगल्या आणि एरिब्युलिनच्या गटातल्या तेरा महिन्यांच्या आसपास.

म्हणजे अडीच महिने. आम्ही हा आकडा वाचला तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, एवढ्यासाठी चोवीस वर्षं? आशाताई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, अडीच महिने म्हणजे मुलीचं लग्न बघायला मिळणं. अडीच महिने म्हणजे नातवाचं बारसं. त्या बायांना विचारा त्यांची किंमत.

आम्ही हा आकडा तुमच्यापासून लपवत नाही, त्याचं कारण आहे. ७६२ स्त्रियांनी आपलं शरीर, आपला वेळ आणि आपलं दुखणं त्या चाचणीत घातलं म्हणून आज आपल्याला हे औषध नेमकं किती उपयोगी आहे ते माहीत आहे. त्यातल्या एकीचंही नाव औषधाच्या खोक्यावर छापलेलं नाही. बाजारातला माणूस मावशींना 'बरं करील' म्हणाला, पण त्याच्या बाटलीमागे एकाही बाईची अशी नोंद नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो.

कॅरिबियन समुद्राकाठी कांदळांच्या मुळांवर पारदर्शक पिशव्यांसारखे जीव झुपक्याने वाढतात. आपल्या खाडीतल्या कांदळांच्या मुळांना कालवं चिकटतात, तसे. त्यांच्या अर्कात कॅन्सरविरोधी गुण आहे हे १९६९ साली नोंदलं गेलं. पण तो गुण कोणत्या पदार्थाचा, हे ठरायला एकवीस वर्षं गेली. १९९० साली अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी त्याची रचना सांगितली. एक गट इलिनॉयमधल्या केनेथ राइनहार्ट यांचा आणि दुसरा फ्लोरिडातल्या एमी राइट या बाईंचा. इथेही तीच अडचण आली, एका टनातून जेमतेम एक ग्रॅम. स्पेनमधल्या कंपनीने या जिवांची समुद्रात शेती करून पाहिली, तरी भागेना. शेवटी एका जिवाणूपासून मिळणारा जवळचा पदार्थ घेऊन त्यावर पुढची रसायनं करायची, असा मार्ग सापडला. ट्रॅबेक्टेडिन हे ते औषध. युरोपात २००७ साली मऊ ऊतींच्या कॅन्सरसाठी आणि २००९ साली बीजांडाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेत मिळायला २०१५ उजाडलं.

दुसरी गोष्ट आपल्या हिंदी महासागरातली. मॉरिशसच्या किनाऱ्यावरून १९७२ साली जॉर्ज पेटिट या शास्त्रज्ञाच्या गटाने शंख नसलेल्या गोगलगाईसारखा एक प्राणी गोळा केला. डोक्यावरच्या दोन शिंगांमुळे इंग्रजीत त्याला समुद्रातला ससा म्हणतात. हा प्राणी विषारी आहे, असं रोमन लेखक प्लिनीने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्यातलं विष पेटिटना वेगळं करायचं होतं. शेकडो किलो प्राण्यांतून मिळायचे मोजके मिलिग्रॅम. रचना समजली १९८७ साली. मग ते रुग्णांवर तपासलं, तर त्याचा त्रास जास्त आणि उपयोग कमी निघाला. तिथेच गोष्ट संपायची. पण शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखा दुसरा रेणू बनवला आणि तो एका प्रतिपिंडाला बांधला. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट पेशीचं दार ओळखणारा पोस्टमन समजा. तो पार्सल घेऊन कॅन्सरच्या पेशीपर्यंत जातो आणि पार्सल आत गेल्यावरच उघडतं. ब्रेंटुक्सिमॅब नावाच्या या औषधाला २०११ साली मान्यता मिळाली. ते लसिका गाठींच्या काही कॅन्सरांवर वापरतात. १९७२ पासून मोजलं तर एकोणचाळीस वर्षं झाली. मजा म्हणजे ते विष मुळात त्या प्राण्याचं नव्हतंच. तो ज्या सूक्ष्म नीलहरित जिवाणूंवर चरतो, ते त्यांनी तयार केलेलं होतं.

यश आलं तेवढंच सांगितलं तर आम्हीही त्या बाजारातल्या माणसासारख्याच ठरू. होड्यांच्या तळाला शेवाळासारखा चिकटणारा ब्युग्युला नावाचा एक जीव आहे. त्याच्यातल्या ब्रायोस्टॅटिनवर पेटिट यांनीच वर्षानुवर्षं काम केलं. चाचण्यांना पुरेल इतका पदार्थ मिळवायला १३ टन जीव गोळा करावे लागले, त्यातून निघालं १८ ग्रॅम. रुग्णांवर डझनावारी चाचण्या झाल्या. कॅन्सरवरचं औषध म्हणून ते उभं राहिलं नाही. काचेच्या बशीत कॅन्सरची पेशी मारणारे पदार्थ हजारो आहेत. माणसाच्या शरीरात जाऊन, माणसाला न मारता तेच करणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. 'या प्राण्यात कॅन्सरविरोधी तत्त्व सापडलं' अशी बातमी मोबाइलवर आली, तर ती रस्त्याच्या पहिल्या पावलाची बातमी असते, हे लक्षात ठेवा.

आता मावशींच्या बाटलीकडे येतो. बाटलीवर शार्क होता. शार्क म्हणजे आपली मोरी, मुशी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आपण मोरीचं कालवण देतो. मग मोरीने कॅन्सर का बरा होऊ नये, असं कोणालाही वाटेल.

या समजुतीलाही इतिहास आहे. १९९२ साली अमेरिकेत एक पुस्तक निघालं. शार्कला कॅन्सर होत नाही, असा त्याचा दावा होता. पुढच्या वर्षी टीव्हीवर त्याची चर्चा झाली आणि शार्कच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, भुकटीचा मोठा धंदा उभा राहिला. पण शार्कलाही कॅन्सर होतो. शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या माशांच्या अंगात सापडलेल्या गाठींच्या चाळीसहून जास्त नोंदी शास्त्रज्ञांनी २००४ साली एकत्र करून छापल्या. भुकटीच्याही चाचण्या झाल्या. स्तनाचा आणि आतड्याचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांवरची चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली, त्यात फायदा दिसला नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर कूर्चेचा खास बनवलेला अर्क वापरून पाहिला, तिथेही काही उपयोग झाला नाही. म्हणजे विज्ञानाने शार्कला हसून उडवून लावलं नव्हतं. स्पंजाला लावली तीच फूटपट्टी शार्कलाही लावली. स्पंज तिच्यावर उतरला, शार्कची भुकटी उतरली नाही. ती चाचणी हरली, तरी बाटल्या अजून विकल्या जात आहेत.

आणि 'केमो म्हणजे विष' याचं काय? मावशींच्या कागदावर दोन औषधांची नावं होती. एक डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं. ते इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून आलं. दुसरं पॅक्लिटॅक्सेल. ते एका झाडाच्या सालीत सापडलं, त्या झाडाची साल १९६२ साली अमेरिकेच्या जंगलात गोळा केली होती. आपल्या दारातल्या सदाफुलीतूनही कॅन्सरची औषधं निघाली आहेत, पण म्हणून सदाफुलीची पानं चावून खायची नसतात, ती विषारी असतात. म्हणजे मावशी ज्या औषधापासून पळाल्या तेही निसर्गातूनच आलं होतं. ते विष आहे हेही खरं. किती दिलं तर रोग मरेल आणि माणूस राहील, हे मोजून ठरवलेलं विष. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे गणित केंडाची गोष्ट माहीत असलेल्या कोळणीने तरी मानू नये. हे आम्ही मावशींना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

आपल्या किनाऱ्याचं काय, असं तुम्ही विचाराल. गोव्यात दोना पावला इथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या समुद्रातले स्पंज, शेवाळं, मऊ प्रवाळ यांतली रसायनं तिथल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासली आहेत. आपल्या खडकांवरच्या एखाद्या जिवात पुढचं औषध दडलेलं असेलही. पण ते सापडायचं तर तो जीव आधी जगायला हवा. कांदळ तोडली, खाडीत रसायनं सोडली, तर कोणता मणी आपण कायमचा हरवला हे आपल्याला कधी कळणारही नाही.

शेवटी, कोणी तुमच्यासमोर अशी बाटली ठेवली तर काय विचारायचं ते सांगतो. यात नेमका पदार्थ कोणता आणि किती? तो किती रुग्णांना देऊन पाहिला? ज्यांना दिला नाही त्यांच्याशी तुलना केली का? माझ्या डॉक्टरांसमोर हेच सांगाल का? चौथ्या प्रश्नावर समोरचा बहुतेक उठून जातो. तरीही काही घ्यावंसं वाटलं तर डॉक्टरांपासून लपवू नका, कारण केमोबरोबर काही पदार्थ घातक ठरतात. आणि उपचार मध्येच सोडू नका. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांची सोय आहे, आशाताईंना विचारा. त्रास होत असेल तर तो दवाखान्यात सांगा. उलटीवर, तोंड येण्यावर औषधं असतात, पण ती मागावी लागतात.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही आमचं एक सांगणं आहे. आमच्या मावशींना खोट्याने पळवलं नाही, आधी गप्प बसण्याने पळवलं. तुमची पाच मिनिटं कमी पडली तिथे बाजारातल्या माणसाचा अर्धा तास पुरला.

मावशी दवाखान्यात परत गेल्या. मध्ये सात आठवडे गेले होते. त्याचा काय परिणाम होईल हे डॉक्टरांनी खात्रीने सांगितलं नाही, आम्हीही सांगू शकत नाही. आता एकेक डोस ठरल्या दिवशी होतो आहे. प्रत्येक डोसाला आमच्यातली एक जण बरोबर जाते आणि कागदावरची नावं त्यांना वाचून दाखवते. बाटली केंद्रातल्या फळीवर आहे. ती टाकून द्यायला निघालो तर मावशींनीच अडवलं. "ऱ्हवांदे," म्हणाल्या, "पुढची येतली तिका दाखवूक."

पुढची कोणी ऐकत असेल तर तिने केंद्रात जरूर यावं. मंगळवारी दुपारी आम्ही असतोच.